आठ वाजताचा रकाना

मुलींचे वसतिगृह
६ ऑक्टोबर

सोने,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता मी कृष्णातकडून लिहून घेतला. फिजिओथेरपीवाल्यांचं अक्षर आम्हा डॉक्टरांपेक्षाही वाईट असतं हे मला आज कळलं. तरी पोस्टमन तुमच्या वस्तीपर्यंत पोचला असेल तर त्याला माझा नमस्कार सांग.

फोन तू ब्लॉक केलास. मेसेजवर दीड महिना एकच टिक दिसतेय. म्हणून पत्र. पोस्टाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

इकडचं सांगते. गुरुवारचा आपला खिचडी वर्ग पुन्हा सुरू झालाय. नव्या मुलांना वीरधवल सरांनी तेच भाषण दिलं. एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओ आणि फार्मसी, प्रत्येकाचा एकेक विद्यार्थी मिळून एक गट, आणि गटाला एक पेशंट. 'एकमेकांकडून शिका, एकमेकांना शिकवा.' मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. गेल्या वर्षी ती मी दिली होती, आणि तू पेनाचं टोपण माझ्या मांडीत खुपसलं होतंस.

आपल्या गटात आता तुझी खुर्ची रिकामी आहे. फार्मसीचा शंभूराज तिच्यावर बॅग ठेवायला लागला, तर कृष्णातनं बॅग उचलून त्याच्या मांडीवर दिली.

मुद्द्याचं लिहिते. परीक्षेचे फॉर्म दहा डिसेंबरला बंद होतात. समितीनं तुझ्या वॉर्डातल्या कामावर घातलेली बंदी उठली नाही तर हजेरी भरणार नाही आणि तुझं अख्खं वर्ष जाईल. तू मंगल सिस्टरांना भेट. अर्ज कर. त्या तुमच्या नर्सिंग कॉलेजच्या आहेत, तुझी बाजू घेतील. जे झालं तो शेवटी गैरसमजच होता ना? कुणाचाच तसा हेतू नव्हता.

जेवतेस का नीट?

तुझी
संयोगिता


मुलींचे वसतिगृह
२४ ऑक्टोबर

सोने,

उत्तर नाही. ठीक आहे. मी हट्टी आहे हे तुला माहीत आहे.

आज वॉर्डात एका आजींची चादर बदलायची होती. नर्सिंगची नवी मुलगी एकटीच धडपडत होती. मी तिला म्हटलं, थांब. आजींना कुशीवर वळवलं, जुनी चादर त्यांच्या पाठीमागे गुंडाळत नेली, नवी त्याच्या मागोमाग सरकवली, परत दुसऱ्या कुशीवर वळवलं आणि ओढून घेतली. आजींना उठावं लागलं नाही. ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. 'मॅडम, तुम्हाला हे कुणी शिकवलं?' मी तुझं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी तूही मला 'मॅडम' म्हणाली होतीस. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. मेसमध्ये आमची टेबलं खिडकीकडे, तुमची हात धुवायच्या जागेकडे. तू एक दिवस सरळ ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसलीस आणि म्हणालीस, 'मला ईसीजी वाचायला शिकव, मी तुला शीर शोधायला शिकवते. तू सुई मारतेस तेव्हा पेशंटपेक्षा मलाच जास्त दुखतं.' अशी भांडखोर मैत्री मी आधी कुणाशी केली नव्हती. महिन्याभरात तू ईसीजी माझ्यापेक्षा चांगला वाचायला लागलीस आणि मी अजून चार वेळा टोचते. हा व्यवहार तुझ्या बाजूनं फारच फायद्याचा झाला.

सोने, त्या दिवशी मी घाबरले होते. समोर तीन प्रोफेसर बसलेले. तूसुद्धा जरा विचार कर. कागदावर सही तर तुझीच होती ना?

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. पण खोडलं तर तू कागद उजेडाला धरून वाचशील, मला ठाऊक आहे. म्हणून राहू दे. मी अशीही आहे हे तुला दिसू दे.

संयोगिता


रहिमतपूर
४ नोव्हेंबर

सोने,

दिवाळीला घरी आले आहे. आमचा ऊस अजून उभा आहे. आईनं चिवड्यात खोबरं जास्त घातलंय, तुला आवडतं म्हणून. तू येणार नाहीस हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

दादांचं तुला माहीतच आहे. सुभेदार म्हणून रिटायर झाले तरी सकाळी पाचला सगळ्या घराला उठवतात. चावडीजवळ जो भेटेल त्याला सांगतात, 'आमची लेक संयोगिता पुढच्या साली डाक्टर हुतीया.' परवा पायाचं बँडेज सोडत मला विचारलं, 'आगं, ती जतची तुजी मैत्रीण कुठं हाय? गेल्या दिवाळीला तिनं पट्टी बांधायची दावली, तवापास्नं जखम चिघळली न्हाई बघ. लय गुणाची पोर.' मी म्हटलं, घरी गेलीय. दादांनी मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पट्टी गुंडाळायला लागले.

त्या बघण्यानंतर मला झोप आली नाही, म्हणून आज सगळं लिहिते. जसं घडलं तसं. तुला सगळं माहीत आहे, पण ते मी लिहिलेलं तू वाचायला हवंस.

ऑगस्टमध्ये आपल्या गटाला बिराप्पा आजोबा मिळाले. जत तालुक्यातले, वय पासष्ट, मेंढरं राखणारे, नव्यानं इन्सुलिन सुरू केलेले. घरी सोडताना त्यांना दिनक्रमाचा तक्ता करून द्यायचं काम आपलं. तक्ता मी केला, रंगीत पेनांनी, पट्टी लावून. साडेसातला इन्सुलिन. आठला न्याहरी. तू मला कॉरिडॉरमध्ये गाठलंस आणि हळूच म्हणालीस, 'आमच्याकडची मेंढरंवाली माणसं सकाळी आठला काही खात नाहीत. नुसता चहा पिऊन कळप घेऊन निघतात. भाकरी फडक्यात बांधलेली असते, ती उन्हं डोक्यावर आल्यावर सोडतात. हे सरांना सांग, वेळ बदलायला हवी.'

मी काय म्हणाले ते शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणाले, 'आता डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हटल्यावर खातील की. त्यांनी वेळ बदलायची, आपण नाही.' आणि हसले. माझ्या तक्त्यात खाडाखोड झाली असती, हेही एक कारण होतं. एवढंसंच. पण होतं.

पेशंटला समजावून सांगायचं काम नर्सिंगवाल्यांकडे असतं, म्हणून तू तो तक्ता आजोबांना समजावलास आणि सही केलीस. त्यातली सुईची वेळ आजोबांनी अगदी आज्ञाधारकपणे पाळली. साडेसातला सुई घेतली, चहा प्याले, मेंढरं सोडली. दहा वाजता माळावर साखर पार खाली गेली आणि ते दगडावर कोसळले. मनगट मोडलं, दोन दिवस अतिदक्षता विभागात.

मग समिती बसली. तू म्हणालीस, 'मी संयोगिताला सांगितलं होतं.' वीरधवल सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, 'सोनियानं जेवणाच्या वेळेबद्दल तुला काही सांगितलं होतं का?'

मी म्हणाले, 'आठवत नाही, सर.'

तू समोरच्याच खुर्चीवर होतीस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त माझ्याकडे बघितलंस आणि मग मान खाली घालून युनिफॉर्मचं बटण चाचपत बसलीस.

तो गैरसमज नव्हता. मी खोटं बोलले. पहिल्या पत्रात गैरसमज लिहिलं, दुसऱ्यात घाबरले लिहिलं. आता खरं लिहिलंय.

संयोगिता


मुलींचे वसतिगृह
१७ नोव्हेंबर

सोने,

आज मी तुझ्या तालुक्यात होते. तुझ्याकडे यायचं धाडस झालं नाही. कृष्णात बिराप्पा आजोबांचं मनगट तपासायला निघाला होता, त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले.  का येतेस हे न विचारता त्यानं नुसती माझी पर्स हँडलला अडकवून घेतली. त्याच्या पोटात काय आहे ते कधीच कळत नाही.

आजोबा लिंबाच्या सावलीत लोकर निवडत होते. मला बघून म्हणाले, 'तू ती रंगीत पेनवाली न्हवं? बस की.' त्यांची बायको सुलाबाई, त्या मात्र दारातूनच बोलल्या. 'आलीस व्हय? दवाखान्यात आमाला सगळ्यांनी सांगितलं, असं करा, तसं करा. तुमी कवा खाता, कसं खाता, हे कुनी इचारलं? त्या एका सोनियानं इचारलं. आन् तिलाच घरी बशिवलं म्हनं.'

 कृष्णात आजोबांच्या हातात कापडाचा बोळा देऊन 'दाबा, सोडा, दाबा' करत राहिला.

मग त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला. तुझा. घड्याळ नाही, आकडे नाहीत. उगवतीचा सूर्य, त्याखाली चहाची कपबशी आणि सुईवर फुली. मग डोक्यावरचा सूर्य, सुई, आणि लगेच शेजारी भाकरी. शेजारी गुळाचा खडा, आणि हात थरथरणारा माणूस. आजोबांनी कोपरीच्या खिशातून गुळाची पुडी काढून दाखवली. 'ही कायम संगं. सोनिया म्हनली, आज्जा, भाकरी इसरलास तरी चालंल, ही इसरू नगंस.'

दर रविवारी तू येतेस, हे तिथं कळलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन गेलीस, वेळ आणि मात्रा त्यांच्याकडून बदलून घेतलीस, तेव्हा आठवडाभर रोज येऊन साखर तपासलीस. ज्या पेशंटपायी तुझं वर्ष वाया चाललंय त्याच्याकडे तू बसनं जातेस, आणि मी तीन महिने त्या गावाचं नाव निघालं की विषय बदलत होते.

निघताना सुलाबाईंनी ताक दिलं. राग होता, पण ताक दिलं. मी भांडं खाली ठेवताना त्या म्हणाल्या, 'पोरी, शिकलेलं मानूस चुकतंय, त्याचं काय न्हाई. पर चुकलं की बोलावं.'

परत येताना मी कृष्णातला सगळं सांगितलं, मोटरसायकलच्या आवाजात, ओरडून. त्यानं तासगावच्या अलीकडे गाडी थांबवली. म्हणाला, 'मला म्हाईत हुतं. कॉरिडॉरमध्ये मी पान्याच्या टाकीपाशीच उभा हुतो.' मी म्हटलं, मग समितीपुढे का नाही बोललास? तर म्हणे, 'सोनियानंच गप्प बस म्हटलं. म्हनली, संयोगितानं सांगितलं तरच त्याला अर्थ हाय. दहा तारखेपत्तूर थांब.'

म्हणजे तू वाट बघत होतीस. माझी. मला वाटत होतं तू मला कायमचं खोडून टाकलंस.

संयोगिता


मुलींचे वसतिगृह
२७ नोव्हेंबर

सोने,

सांगितलं.

सोमवारी वीरधवल सरांच्या खोलीबाहेर अर्धा तास उभी होते. आत गेले आणि उभ्याउभ्याच बोलले, बसले असते तर धीर सुटला असता. 'सर, सोनियानं मला सांगितलं होतं. मला आठवत होतं. तेव्हाही आठवत होतं.' सरांनी चष्मा पुसला. मग मंगल सिस्टरांना बोलावलं. मला वाटलं त्या फाडून खातील. त्यांनी विचारलं, 'हे लिहून देशील?' मी पाकीट पुढे केलं. लिहूनच आणलं होतं.

आज समिती पुन्हा बसली. तुझ्यावरची बंदी उठली. वॉर्डातले बुडलेले दिवस तुला जानेवारीत भरून काढता येतील आणि फॉर्म दहा तारखेपर्यंत घेतील. पत्र तुझ्या घरी निघालंय, पण सरकारी कागद कधी पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून मी लिहिते.

माझी टर्म त्यांनी नामंजूर केली. म्हणजे माझी परीक्षा सहा महिन्यांनी. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, तुला दुसरीकडून कळू नये म्हणून लिहितेय. न्याय्य आहे. मला राग आलेला नाही. थोडा आला होता, आज दुपारी, कॅन्टीनमध्ये. मग गेला.

दादांना फोनवर सांगितलं. आधी काय केलं ते, मग शिक्षा काय झाली ते.  दादा म्हणाले, 'किती म्हैनं?' मी म्हटलं, सहा. 'बरं. चावडीवर मी सांगतो, पुढच्या साली न्हाई, त्याच्या पुढच्या साली. तू जेवलीस का?' मी नाही म्हटलं. 'मग जेव आदी.' फोन ठेवल्यावर मी मेसमध्ये गेले आणि खरंच दोन ताटं जेवले. रडत रडत. वाढणाऱ्या मावशींना वाटलं भाजी तिखट झाली.

आता एक मागणं आहे. तू मला माफ कर असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. पण माझ्यावरच्या रागापायी फॉर्म चुकवू नकोस. तुला मी नजरेसमोर नको असेन तर गुरुवारी मी दुसऱ्या गटात बसेन. सरांना विचारून ठेवलंय. पण तू ये.

मला तुझी लय आठवण येते. हे तुझ्याच भाषेत लिहिलं, कारण प्रमाण मराठीत ते कमी वाटत होतं.

संयोगिता


जत
२ डिसेंबर

संयोगिता,

तुझी पाचही पत्रं मिळाली. एकही चुलीत घातलं नाही. दुसऱ्या पत्राच्या वेळी मात्र चुलीजवळ गेले होते.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा जे आहे ते सरळ लिहिते. तू समितीपुढं 'आठवत नाही' म्हणालीस ते मी विसरणार नाही. तुझ्यावर राग होता आणि अजून थोडा आहे. तो जायला वेळ लागेल. तुझी टर्म गेली याचा मला आनंद झाला नाही. वाटलं होतं होईल.

पण तू सगळं लिहिलंस, तर मीही एक लिहिते. हे मी मंगल सिस्टरांनाही सांगितलेलं नाही.

मी तुला कॉरिडॉरमध्ये का सांगितलं? गुरुवारच्या वर्गात, सगळ्यांसमोर का नाही? सर तिथंच होते. मी हात वर केला असता तर त्यांनी ऐकलं असतं. मी हात वर केला नाही, कारण मग कुणीतरी विचारलं असतं, तुला कसं माहीत. चार वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझे वडील शेतकरी आहेत. तुलाही. आमची शेती दीड एकर, ती पण पाऊस पडला तर. आमचं खरं घर म्हणजे कळप. वर्षातले सात महिने माझे आई-वडील मेंढरांमागं फिरतात, तुमच्या कऱ्हाड-रहिमतपूरच्या उसाच्या रानात खतासाठी कळप बसवतात. कदाचित तुमच्याही रानात बसवला असेल. गेल्या दिवाळीला तुमच्या अंगणात बसून चिवडा खाताना माझ्या मनात तेवढंच चाललं होतं, की तुझ्या दादांनी माझ्या बाला ओळखू नये.

बिराप्पा आज्यानं वॉर्डात पहिल्याच दिवशी माझ्या बोलण्यावरून ओळखलं. विचारलं, 'कुनाची गं तू?' मी ऐकलंच नाही असं केलं आणि ताप बघायला लागले. माझ्याच जातीचा, माझ्या आज्याच्या वयाचा माणूस. तो हसला आणि गप्प बसला. मला जपलं त्यानं. आणि मी त्याच्या भाकरीची वेळ कॉरिडॉरमध्ये, कुजबुजत, 'आमच्याकडची माणसं' म्हणून सांगितली. 'आम्ही' म्हणाले नाही.

म्हणून दर रविवारी जात होते. तुला वाटलं मी मोठ्या मनाची आहे. तसं काही नाही. त्या मनगटात अर्धी चूक तुझ्या खोट्याच्याही आधीची आहे आणि ती माझी आहे. पहिल्याच रविवारी मी आज्याला सांगितलं, मी कुणाची. तो म्हणाला, 'म्हाईत हाय की. तुजा बा आन् मी एका तळावर राहिलोय.' आणि सुलाबाईला हाक मारली, च्या ठेव म्हणून. एवढंच. इतकं सोपं होतं ते.

यानं तुझं माफ होत नाही. दोघींचं वेगवेगळं आहे, असं मला वाटतं.

सोमवारी फॉर्म भरायला येते. बा स्टँडवर सोडायला येणार आहे, फेटा बांधून. गुरुवारी खिचडी वर्गात मी सरांकडं पाच मिनिटं मागणार आहे. बिराप्पा आज्याची केस मीच मांडणार, आणि सुरुवात माझ्या नावापासून, माझ्या बापाच्या कळपापासून करणार.  

तू दुसऱ्या गटात बसायची गरज नाही. माझ्या शेजारी बस. मी अडखळले तर मधे बोलू नकोस, माझ्याऐवजी काही सांगू नकोस. नुसती शेजारी बस.

सोनिया